रात्री रिकामा पडलेला पीसी भाड्यानं द्यायचा का?

पत्र: दादा, नमस्कार. माझं नाव छापू नका. मी फोंड्याजवळ राहते, घरूनच थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रूची कामं करते, बहुतेक आसगाव, शिवोलीच्या व्हिलांची. गेल्या वर्षी कर्ज काढून मोठा पीसी बांधला, सेकंडहँड ३०९० ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी रॅम. पावसात साइट बंद त्यामुळे काम नाही, हप्ता मात्र चालूच. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर पुण्याचा मुलगा भेटला, तो म्हणतो रात्री ८ ते सकाळी ८ एनीडेस्कवरून (लांबून पीसी चालवायचं ॲप) पीसी द्या, महिन्याला ६००० देतो, त्याला मॅक्स (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) आणि व्ही-रे (थ्रीडी मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणारं) पाहिजे. टोकन म्हणून ५०० पाठवले पण. शिवाय फर्मागुडीच्या कॉलेजची दोन-तीन मुलं प्रोजेक्टसाठी ईटॅब्स (इमारतीच्या स्ट्रक्चर डिझाइनचं सॉफ्टवेअर) तासावर मागतायत. ऑटोकॅड आणि मॅक्सचं सब्सक्रिप्शन माझ्या नावावर आहे, ईटॅब्स मिस्टरांच्या ऑफिसनं टाकून दिलंय, व्ही-रे मित्राकडून मिळालं, ब्लेंडर हे फुकटचं थ्रीडी सॉफ्टवेअर हल्लीच शिकायला घेतलंय. सासरे म्हणतात, "घरा बसून पयशे येतात जाल्यार कित्याक सोडटा?" मिस्टर म्हणतात नको, पण का नको ते त्यांना सांगता येत नाही. रेट किती लावू आणि एनीडेस्क सेफ आहे का, एवढं सांगा.

उत्तर: ताई, नमस्कार. मिस्टरांना कारण सांगता येत नाहीये ना, मग ते काम आज मी करतो. आधी सरळ उत्तर देऊन टाकतो म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाचायला नको: पुण्याच्या मुलाला नाही म्हणा, कॉलेजच्या मुलांना ईटॅब्सला नाही म्हणा, आणि त्याच पीसीवर ब्लेंडर आहे त्यातून मात्र पावसाळ्यात चार पैसे निघू शकतात, कसे ते पुढे लिहिलंय. सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पडून असलेल्या वस्तूतून पैसे काढावेत हे बरोबरच आहे, फक्त त्या पीसीतली कुठली वस्तू तुमची आणि कुठली नाही हे आधी बघायला लागेल.

तुम्ही पत्रात सॉफ्टवेअरची यादी सहज लिहून गेलात, पण मला सगळं उत्तर त्या एका वाक्यातच दिसलं. पीसी तुमचा, कार्ड तुमचं, हप्ता तर तुमचाच, पण वर चालणाऱ्या पाच सॉफ्टवेअरची पाच वेगळी प्रकरणं आहेत. आपल्याकडे हे समजायला गाडीचं उदाहरण पुरतं. घरची पांढऱ्या पाटीची गाडी कळंगुटला टुरिस्टाला भाड्यानं दिली तर गाडी तुमची, पेट्रोल त्याचं, तरी आरटीओ धरतो, कारण भाड्यानं चालवायला द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, परमिट वेगळं, इन्शुरन्स वेगळा. शेजारी देतो, त्याचा भाऊ पण देतो, सगळं खरं, पण ठोकल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करतो तेव्हा शेजारी येत नाही. तुमचं मॅक्स आणि ऑटोकॅड ही पांढऱ्या पाटीची गाडी आहे.

मॅक्स आणि ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये नवीन कायमची लायसन्स विकणं बंद केलं, तेव्हापासून सब्सक्रिप्शन, आणि २०२० पासून तर ते सरळ माणसाच्या नावावर केलं, म्हणजे एक लॉगिन एक माणूस. तुम्ही पैसे भरता ते तुम्ही स्वतः वापरण्याचे. लॉगिन दुसऱ्याला वापरायला देऊ नये, सॉफ्टवेअर भाड्यानं देऊ नये, असं त्यांच्या अटींमध्ये आहे, आपण सगळे न वाचता ॲक्सेप्ट दाबतो तो भाग. पुण्याचा मुलगा रोज रात्री तुमच्या लॉगिनवर मॅक्स चालवणार म्हणजे त्या अटी रोज रात्री १२ तास मोडणार, आणि कंपनीनं अकाउंट बंद केलं तर ते चतुर्थीनंतर तुमची कामं सुरू होतील तेव्हाच नेमकं लक्षात येईल. त्याला खरंच थोड्याच दिवसांसाठी मॅक्स पाहिजे असेल तर ऑटोडेस्कचीच फ्लेक्स नावाची सोय २०२१ पासून आहे, टोकन घ्यायची, ज्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं त्या २४ तासांची टोकन कापली जातात. व्ही-रेवाल्या केऑस कंपनीचं स्वतःचं क्लाउड रेंडरिंग (म्हणजे सीनवरून चित्रं बनवायचं काम त्यांच्या कॉम्प्युटरवर) पण आहे, वापराल तेवढे क्रेडिट. म्हणजे त्याच्यापुढे सरळ रस्ते आहेत, तरी तो टेलिग्रामवर अनोळखी माणसाचा पीसी शोधतोय, आता यावरून काय समजायचं ते समजा.

कायद्याचं पण थोडक्यात सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १४ मध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमबद्दल लिहिलंय की त्याची प्रत विकायचा किंवा धंद्यासाठी भाड्यानं द्यायचा हक्क मालकाचा. त्यातच एक सूट आहे, ती मला फार आवडते: भाड्यानं दिलेल्या वस्तूत प्रोग्रॅम हाच मुख्य विषय नसेल तर हे लागू होत नाही. म्हणजे जनरेटर भाड्यानं आणला आणि त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये कुठला प्रोग्रॅम असला तर कोणी विचारत नाही. पण तुमच्याकडे येणारा मुलगा कशासाठी येतोय? ईटॅब्ससाठीच ना, नुसत्या स्क्रीनसाठी थोडाच येतोय. रिमोटनं वापरायला दिलं तर प्रत दिलीच नाही असा वाद एखादा वकील घालेलही, घालू दे, लायसन्सचा करार मोडला हे तरीही राहतंच आणि तुम्हाला हप्ता फेडायचाय, केस लढायची नाहीये.

ईटॅब्सचं तर बोलायलाच नको. ते तुमचंही नाही आणि मिस्टरांचंही नाही, त्यांच्या ऑफिसचं आहे, घरून काम करता यावं म्हणून दिलंय. तासाला ५०-१०० रुपयांसाठी मिस्टरांची नोकरी कशाला पणाला लावायची? उद्या ऑफिसात कोणी विचारलं की रात्री ११ वाजता कोण ईटॅब्स चालवत होतं तर ते काय सांगणार, बायकोनं भाड्यानं दिलं होतं? मिस्टर नको म्हणतायत त्यात हे कुठेतरी असणारच, तोंडानं बोलत नसतील एवढंच.

आणि आता ते व्ही-रे, "मित्राकडून मिळालं". ताई, तुम्ही ते इतकं हळूच लिहिलंय की मला हसू आलं, पण विषय हसण्याचा नाही. क्रॅक केलेली प्रत आहे हे माहीत असून ती वापरणं यासाठी त्याच कायद्यात कलम ६३ बी आहे, कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर खास कारणं देऊन कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, अशी सवलत पण त्यातच आहे. भाडं घेतलं की ती सवलत गेली. खरं तर तुम्ही व्हिलांच्या कामासाठी पैसे घेता तेव्हाच गेली, पण निदान तेव्हा पीसीसमोर तुम्ही एकट्या असता, इथे एक अनोळखी साक्षीदार स्वतःहून घरात घेताय, आणि त्याच्याकडे स्क्रीनशॉट काढायची सोय आहे. उद्या हाच मुलगा म्हणाला की आता फुकट द्या नाहीतर कंपनीला मेल टाकतो, तर?

आता एनीडेस्क. सॉफ्टवेअर म्हणून ते ठीक आहे, लाखो लोक वापरतात, २०२४ च्या सुरुवातीला कंपनीच्या स्वतःच्याच सिस्टीममध्ये घुसखोरी झाली होती आणि त्यांना सर्टिफिकेट बदलावं लागलं, पण तुमचा प्रश्न तिथे नाहीच. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं, चोर गोड बोलून ॲप टाकायला लावतात, तो नऊ आकडी कोड मागून घेतात आणि फोन त्यांच्या ताब्यात. तिथे निदान चोराला फसवावं तरी लागतं, तुम्ही तर कोड आणि पासवर्ड स्वतः देणार आणि वर झोपायला जाणार. शिवाय फुकटचं एनीडेस्क, फुकटचा टीमव्ह्यूअर, दोन्ही फक्त खाजगी वापरासाठी, पैसे घेऊन पीसी दिला की तो धंदा झाला. टीमव्ह्यूअरला तर नुसता वास आला तरी तो सेशन पाच मिनिटांत कापायला लागतो. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरू म्हणाल तर होम एडिशन असेल तर बाहेरून आत घेताच येत नाही, प्रो लागतं, त्यातही एका वेळी एकच माणूस. आणि यूट्यूबवर कोणी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडा म्हणून सांगितलं तर ऐकू नका, त्या पोर्टवर जगभरचे बॉट दिवसरात्र पासवर्ड मारून बघत असतात, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं रॅन्समवेअर आत यायचा हा जुनाच दरवाजा आहे. विंडोजच्या लायसन्समध्ये पण भाड्यानं देऊ नये असं लिहिलेलं असतं, ते परत वेगळंच.

खरी भीती कसली तर तुमच्या पीसीसमोर रात्रभर जो बसणार तो बाहेरच्या जगाला तुम्ही म्हणूनच दिसणार. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, व्हॉट्सॲप वेब, जीमेल, क्लायंटच्या व्हिलांचे प्लॅन, बेडरूम कुठे, कॅमेरे कुठे, सगळं एका क्लिकवर. हे सगळं काढून टाकाल, दुसरं विंडोज युजर कराल, तरी इंटरनेट तुमच्या घरचंच राहतं. घरगुती कनेक्शनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ही चोरांसाठी मौल्यवान वस्तू आहे, कारण तो साध्या संसारी माणसाचा दिसतो. त्यावरून कोणी खोटी अकाउंट उघडली, कोणाला फसवलं, नको ते काही डाउनलोड केलं, तर पोलीस आयपीवरून ज्याच्या नावावर ब्रॉडबँड आहे त्याच्याकडे येतात. तुमच्याकडे कनेक्शन कोणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, पयशे कित्याक सोडटा याचं उत्तर त्यांना लगेच पटेल.

दुसरं म्हणजे कदाचित त्याला मॅक्स नकोच असेल, कार्डच पाहिजे असेल. रात्रभर क्रिप्टो कॉइन माइन करायचे, वीज तुमची. ३०९० एकटं ३५० वॅटचं कार्ड आहे, सगळा पीसी धरला तर फुल लोडला ५०० वॅटच्या आसपास खाणार. १२ तासांचे ६ युनिट, महिन्याचे १८० युनिट, आणि हे घरच्या वापराच्या वर, म्हणजे बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार. त्यात आपला पाऊस, माडाचं चुडत तारेवर पडलं की लाईट गेली, आली, परत गेली, आणि कार्डाला वॉरंटी नाही कारण सेकंडहँड. ६००० तला किती उरतो ते तुम्हीच मांडा.

तिसरी गोष्ट तुम्ही थ्रीडीवाल्या आहात म्हणून खास सांगतो, कारण अँटीव्हायरस आहे ना मग झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. मॅक्सच्या सीन फाइलमधून स्क्रिप्ट पसरतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये ऑटोडेस्कनंच फिजएक्सप्लगइनएमएफएक्स नावाच्या मॅक्सस्क्रिप्टबद्दल सावध केलं होतं, ती सीनमध्ये लपून बसायची, फाइल उघडली की दुसऱ्या मॅक्स फाइलींना लागायची, आणि एका आर्किटेक्चर आणि व्हिडिओ प्रॉडक्शन कंपनीवर हल्ला करायला मॅक्सचंच असं प्लगइन वापरलं गेल्याचं बिटडिफेंडर या अँटीव्हायरस कंपनीच्या तपासात निघालं. त्याही आधी २०१२ मध्ये ऑटोकॅडचं मेड्रे नावाचं वर्म सापडलं होतं, मुख्यतः पेरू देशात पसरलं, लोकांची ड्रॉइंग मेल करून चीनमधल्या पत्त्यांवर पाठवायचं. म्हणजे आपल्या लाइनीतले चोर आपल्याच फाइलींमधून येतात. अनोळखी माणूस रोज रात्री तुमच्या मॅक्समध्ये त्याच्या फाइली उघडणार आणि सकाळी त्याच मॅक्समध्ये तुम्ही आसगावच्या क्लायंटची उघडणार, कसं वाटतं ऐकायला?

आता कामाचं बोलू. ब्लेंडर हे जीपीएल लायसन्सचं आहे, म्हणजे ते वापरून धंदा करा, दुसऱ्याला वापरायला द्या, पैसे घ्या, कोणी काही म्हणणार नाही. तुमच्याकडे २४ जीबीचं कार्ड आहे आणि ज्यांच्याकडे साधा लॅपटॉप आहे अशी ब्लेंडरवाली मुलं सायकल्स या ब्लेंडरच्याच रेंडर इंजिनमध्ये रेंडर लावून दोन दोन दिवस बसतात. त्यांना पीसीवर बसवायचं नाहीच. फाइल मागवायची, तुम्ही रेंडर लावायचं, फ्रेम परत पाठवायच्या. रिमोट ॲक्सेसचा विषयच संपला, पासवर्ड नको, एनीडेस्क नको, रात्री कोण आत आहे याची धास्ती नको, आणि विकत काय देताय तर तुमच्या कार्डाचे तास, जे खरोखर तुमचेच आहेत.

रेट असा काढा. आधी दोन-तीन टेस्ट फ्रेम लावून बघायच्या, एक सोपी, एक झाडंबिडं असलेली जड. समजा सरासरी फ्रेमला ४ मिनिटं लागली. ३० सेकंदांचा वॉकथ्रू २५ फ्रेमनं म्हणजे ७५० फ्रेम, ३००० मिनिटं, ५० तास. विजेचे २५ युनिट. वीज हा यात सगळ्यात छोटा खर्च आहे हे लक्षात ठेवा, कार्डाची झीज आणि मधेच टेक्स्चर सापडत नाही म्हणून गुलाबी रंग आला की तुम्हीच उठून बघणार, पैसे त्याचे. म्हणून ताशी रेट सांगू नका, ताशी म्हटलं की समोरचा महिनाभराचं भाडं डोक्यात धरतो. फ्रेमवर सांगा, टेस्ट फ्रेम फुकट, बाकी अर्धे आधी, आणि रेट एवढा ठेवा की ५० तासांनंतर कपाळाला हात लागू नये. पहिली दोन कामं ओळखीच्यांकडूनच घ्या, तुमच्या लाइनीत पणजी, मडगावला कोणी ना कोणी असेलच.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची, व्हिडिओ फाइलमध्ये कधी रेंडर लावू नका, पीएनजी किंवा ईएक्सआर अशा सुट्ट्या फ्रेममध्येच लावा. ४०० व्या फ्रेमला लाईट गेली तर व्हिडिओ गेलाच समजा, फ्रेम असतील तर ३९९ डिस्कवर सुखरूप असतात. आउटपुटच्या सेटिंगमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर चालू ठेवला की परत रेंडर दाबल्यावर झालेल्या फ्रेम सोडून पुढून सुरू होतं, फक्त लाईट जाताना जी फ्रेम चालू होती तिची शून्य केबीची रिकामी फाइल राहिलेली असते, ती हातानं डिलीट करायची नाहीतर ती पण झाली असं समजून पुढे जाईल. यूपीएस असेल तर तो पीसी नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून असतो, ३०९० ला रेंडरवर अर्धा तास ओढायला नाही, लोक यात फसतात. आणि विजा चमकायला लागल्या की ब्रॉडबँडची वायर पण काढा, नुसता प्लग काढून भागत नाही.

लोकांच्या ब्लेंड फाइलमध्ये पण पायथन स्क्रिप्ट असू शकते, पण ब्लेंडर ती आपोआप चालवत नाही, ते सेटिंग मुळातच बंद असतं, तसा मेसेज दाखवून परवानगी विचारतो. कस्टमर म्हणाला चालू करा नाहीतर रिग (मॉडेल हलवायचा सांगाडा) हलणार नाही, तर त्याला म्हणा बेक करून, म्हणजे हालचाल फाइलमध्येच पक्की करून, पाठव. शक्य असेल तर या कामासाठी एक वेगळा स्वस्त एसएसडी घ्या, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकटची सिस्टीम टाका, ब्लेंडर तिथे चांगलं चालतं, विंडोजच्या लायसन्सची कटकट नाही, आणि रेंडर चालू असताना तुमच्या क्लायंटच्या फाइलींचा एसएसडी सरळ काढून कपाटात ठेवता येतो. एखादा अगदी घरच्यासारखा माणूस असेल आणि त्याला लाइव्हच बसायचं असेल तर याच उबुंटूवर रस्टडेस्कसारखं ओपन सोर्स रिमोट ॲप घेऊन द्या, राउटरवर त्या पीसीला गेस्ट नेटवर्कवर टाका म्हणजे घरचे कॅमेरे, फोन त्याला दिसणार नाहीत, फाइल ट्रान्सफर आणि क्लिपबोर्ड गरजेपुरतेच चालू, आणि तुम्ही जाग्या असाल तेवढ्याच वेळेत. आधारची किंवा दुसऱ्या ओळखपत्राची प्रत घ्या, कोण कधीपासून कधीपर्यंत आत होतं ते वहीत लिहा. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये क्लाउड आणि व्हीपीएन देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते ५ वर्षं ठेवायला सांगितलेत, ते मोठ्यांसाठी, पण तुम्ही आपली वही ठेवा, उद्या कोणी विचारलं तर हातात कागद असलेला बरा.

अजून एक शेअर करतो, काम अगदीच नसेल तेव्हा शीपइट म्हणून ब्लेंडरची एक सामुदायिक रेंडर फार्म आहे, तुमचा पीसी दुसऱ्यांच्या फ्रेम करतो आणि तुम्हाला पॉइंट मिळतात, मग तुमचं जड काम असेल तेव्हा शेकडो पीसी तुमच्यासाठी लागतात. रोख पैसे नाहीत, हप्ता फिटणार नाही त्यानं, पण डेडलाइनच्या आदल्या रात्री ते पॉइंट सोन्यासारखे वाटतात. जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही. पावतीपुस्तक तेवढं ठेवा.

फर्मागुडीच्या मुलांचं वाईट वाटतं, त्यांना प्रोजेक्ट द्यायचाच असतो आणि लॅब वेळेत बंद होते. त्यांना सांगा, ऑटोकॅड, रेव्हिट, मॅक्स हे सगळं ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना फुकट देतं, कॉलेजचा पुरावा दाखवायचा, एक वर्षाचं मिळतं आणि शिकत असाल तोवर रिन्यू होतं, फक्त त्यावर धंद्याचं काम करायचं नाही. ईटॅब्ससाठी त्यांनी आपल्या विभागातल्या सरांना लॅबच्या वेळा वाढवून मागाव्यात, तीन मुलांनी मिळून लेखी अर्ज दिला की सर पण एचओडीकडे नेऊ शकतात. आणि तुम्हाला त्यांच्याकडून कमवायचंच असेल तर शिकवा ना. त्यांचा लॅपटॉप, त्यांचं स्टुडंट लायसन्स, तुम्ही रविवारी सकाळी दोन तास स्क्रीन शेअरवर. व्हिलाची दहा कामं करून जे हाताला आलंय ते कॉलेजात मिळत नाही, त्याचे पैसे मागायला लाजू नका.

व्ही-रेचं मात्र चतुर्थीच्या आत ठरवून टाका. एकतर विकत घ्या, किंवा ब्लेंडर शिकताच आहात तर व्हिलांची पुढची कामं सायकल्सवर न्या, क्लायंटला रेंडर इंजिनचं नाव कधी विचारताना पाहिलंय का तुम्ही?

राहिला पुण्याचा मुलगा. त्याला भांडू नका, टोमणे नकोत, एवढंच पाठवा: "सॉफ्टवेअर माझ्या नावावर आहे, दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. ब्लेंडर फाइल असेल तर फ्रेमच्या रेटनं रेंडर करून देईन." तो खरा असेल तर एकतर समजेल नाहीतर गप्प बसेल. त्यानं पाठवलेले ५०० खर्च करू नका. असे पैसे कधी कधी कोणाला तरी फसवून आलेले असतात, त्या माणसानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे जिथे जिथे गेले ती खाती गोठवतात, मग तुमच्या बँकेच्या चकरा सुरू, आणि हप्ता त्याच खात्यातून जात असणार. परत पाठवा, पण ज्या खात्यावरून आले त्याच खात्यावर. "ते खातं बंद झालंय, या दुसऱ्या नंबरवर टाका" असं म्हणाला तर टाकू नका, आधी बँकेला लेखी कळवा, मेलची प्रत ठेवा, आणि ती चॅट डिलीट करू नका.